मुलं झोपली की भांडी घासू नका: घरी राहून लहानग्यांना सांभाळणाऱ्यांसाठी वेळेचं गणित

वेळेच्या नियोजनाचे सल्ले बहुधा ऑफिसात बसणाऱ्यांसाठी लिहिलेले असतात. सकाळी यादी करा, महत्त्वाचं काम आधी उरका, दोन तास फोन बंद ठेवा, वगैरे. घरात दीड वर्षाचं पोर असलं की दोन तास सोडाच, सलग वीस मिनिटं हाती लागली तरी त्या दिवशी श्रीखंड आणावं. नऊ ते दहा अमुक, दहा ते अकरा तमुक असं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलं, तर ते सव्वानऊलाच मोडतं. तोवर कुणीतरी पोहे जमिनीवर पसरून त्यात बसलेलं असतं.

मी नवी मुंबईत नेरूळला राहते. घरात दोन मुलं, दोन्ही पाचच्या आतली. नवरा रोज हार्बर लाइनच्या लोकलने सीएसएमटीला. त्यामुळे उदाहरणं इथली येतील, पण ठाण्यात घोडबंदर रोडवर राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीचा दिवसही असाच चालतो. आई म्हणून लिहितेय खरं, पण आमच्याच मजल्यावर एक बाबा घरी असतात आणि बायको नोकरीला जाते. त्यांनाही यातलं सगळं लागू पडतं.

मूळ मुद्दा एवढाच: कामं घड्याळाकडे बघून लावायची नाहीत, मूल जागं आहे की झोपलंय ते बघून लावायची. जे काम मूल जागं असताना होऊ शकतं, ते त्याच्या झोपेच्या वेळात करायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण मूल झोपलं की हात आपोआप सिंककडे वळतात. ते आवरणं हीच या लेखातली सगळ्यात अवघड पायरी.

आधी चार दिवस नुसतं टिपून ठेवा

काहीही बदलण्याआधी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात चारच गोष्टी लिहा: मूल कधी उठलं, कधी जेवलं, कधी झोपलं आणि कधी विनाकारण चिडलं. स्वतःच्या कामांची नोंद करायची नाही, ती वाचून नुसताच जीव घाबरा होतो. तीन-चार दिवसांत एक नक्षी दिसायला लागते. चिडचिड रोज साधारण त्याच सुमाराला असते आणि बहुतेक वेळा त्याच्या मागे भूक किंवा अपुरी झोप असते.

झोप पुरेशी आहे का, हेही याच नोंदीवरून कळतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यात दिवसरात्र मिळून झोपेचे तास असे आहेत: 4 ते 11 महिने, 12 ते 16 तास, 1 ते 2 वर्षं, 11 ते 14 तास, 3 ते 4 वर्षं, 10 ते 13 तास. दुपारची झोप यातच धरलेली आहे. आपल्याकडे बाबा साडेआठला येतात म्हणून मुलं साडेदहापर्यंत जागी राहतात आणि शाळेसाठी सातला उठवली जातात. बेरीज करून बघा, मग दिवसभराच्या कटकटीचं मूळ कुठे आहे ते दिसेल.

दिवसाला तीन खुंट्या

नोंद झाली की दिवसाला तीन पक्क्या खुंट्या ठोका: दुपारची झोप, संध्याकाळचं बाहेर जाणं आणि रात्रीचं जेवण-अंघोळ-झोप. या तिन्हींना अर्धा तास इकडेतिकडे चालतो, त्याहून जास्त नाही. बाकी सगळं या खुंट्यांना अडकवायचं. काही राहिलं तर राहू द्यायचं.

यात दुपारची झोप सांभाळायला सगळ्यात कठीण, म्हणून तिच्याबद्दल जरा जास्त लिहिते. दिवसातून एकदाच झोपणारं मूल सकाळी उठल्यापासून साधारण पाच तासांनी झोपेला येतं. सातला उठलं की बारा-साडेबाराला. आणि नेमकी तीच वेळ मोठ्याच्या ज्युनिअर केजीची सुटण्याची. धाकट्याला काखोटीला मारून रिक्षाने आणायला जायचं, परतताना एलपी ब्रिजच्या सिग्नलला रिक्षा थांबते आणि धाकटं खांद्यावर मान टाकतं. घरी येईपर्यंत दहा मिनिटांची डुलकी होते. तेवढ्यावर ते दुपारभर टुणटुणीत राहतं आणि चार वाजता घर डोक्यावर घेतं. तुमची संपूर्ण दुपार त्या दहा मिनिटांत गेलेली असते.

यावर तीन उपाय आहेत. पहिला, धाकट्याचं जेवण शाळेत आणायला जाण्याआधी, साडेअकरालाच उरकायचं. म्हणजे परतल्यावर भरवणं, तोंड धुणं, कपडे बदलणं यात वेळ न घालवता थेट गादीवर. दुसरा, परतीच्या रस्त्यात त्याला बसतं ठेवायचं, मांडीवर आडवं घ्यायचं नाही. हातात केळं द्यायचं आणि मोठ्याला त्याच्याशी बोलत राहायला सांगायचं. तिसरा सगळ्यात चांगला: सोसायटीतल्या, त्याच शाळेतल्या एखाद्या आईशी वार वाटून घ्यायचे. सोमवार-बुधवार-शुक्रवार ती दोन्ही मुलांना आणणार, मंगळवार-गुरुवार तुम्ही. शाळेला तसं लेखी कळवून ठेवावं लागतं, नाहीतर गेटवर मूल देत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

कामांचे तीन ढीग करा

आता घरातली सगळी कामं डोळ्यांसमोर आणा आणि त्यांचे तीन ढीग करा.

पहिल्या ढिगात मूल जागं असताना, त्याला सोबत घेऊन होणारी कामं. ही आपल्याला वाटतात त्याहून खूप जास्त असतात. कपड्यांच्या घड्या, मेथी निवडणं, ओला-सुका कचरा वेगळा करणं, फरशी पुसणं, पलंग आवरणं, झाडांना पाणी. वेळ दुप्पट लागतो हे आधीच मान्य करायचं. मेथीची जुडी घेऊन खाली वर्तमानपत्र पसरून बसा. मोठ्याला पानं खुडायला द्या, धाकट्याला नुसत्या काड्या एका डब्यातून दुसऱ्या डब्यात टाकायला द्या. चार पानं तोंडात जातील, ‘शी, कडू!’ होईल, थोडी मेथी सोफ्याखाली मिळेल. पण अर्ध्या तासात जुडी निवडून होते आणि तेवढा वेळ मुलं गुंतलेली राहतात. हेच काम तुम्ही दुपारी एकटीने दहा मिनिटांत केलं असतं, पण ती दहा मिनिटं तुमच्या विश्रांतीतून गेली असती.

भांड्यांचंही तसंच. मूल जागं असताना सिंकपाशी पाच मिनिटं खडखडाट झाला तर काही बिघडत नाही. तोवर स्टीलच्या दोन वाट्या आणि कालथा त्याच्या हाती दिला की आवाजात आवाज मिसळतो.

अंघोळीच्या वेळी मूल टबात खेळत असताना बेसिन आणि नळ घासून होतात. मात्र तेवढ्यात बेल वाजली म्हणून त्याला सोडून बाहेर जायचं नाही. लहान मूल काही इंच पाण्यातही बुडू शकतं. बेल वाजू दे.

दुसरा ढीग मूल आसपास नको अशा कामांचा: तळण, उकळतं पाणी, इस्त्री, फिनेल, पंखे पुसायला शिडीवर चढणं. ही कामं घरात दुसरं मोठं माणूस असेल तेव्हाच. रोजच्या स्वयंपाकात गॅस टाळता येत नाही, म्हणून मागचा बर्नर वापरायचा, कढईचा दांडा आत वळवायचा आणि मुलाला स्वयंपाकघराच्या दारात, तुम्ही दिसाल अशा जागी बसवायचं.

तिसरा ढीग शांतता लागणाऱ्या कामांचा. बँकेचा फोन, शाळेचे फॉर्म, विम्याची कागदपत्रं, अभ्यास, घरून चालणारं छोटं काम, आणि झोप. हो, तुमची स्वतःची झोप याच ढिगात. कागदपत्रांच्या कामांना तारीख लावून ठेवा, नाहीतर ती कायम मागे पडतात. उदाहरणार्थ, बाल आधार काढताना बोटांचे ठसे घेत नाहीत. मूल पाच वर्षांचं झालं की ते द्यावे लागतात. वाढदिवसाच्या महिन्यात कॅलेंडरवर लिहून टाका.

दुपारच्या झोपेत फक्त हा तिसरा ढीग. आणि त्यातही क्रम उलटा ठेवायचा: आधी आपली विश्रांती, मग काम. आपण सगळ्या जणी ‘एवढं आवरते आणि पडते’ असं म्हणतो, आणि आवरून होतं तेव्हा मूल उठतं. झोप चाळीस मिनिटांत मोडेल की दोन तास टिकेल हे कुणालाच माहीत नसतं. त्यामुळे जे हातचं जायला नको ते पहिल्या वीस मिनिटांत करायचं. चहा घ्या, पाय वर करून पडा, पुस्तक वाचा. मोबाइलवरची रिळं बघू नका. वीस मिनिटांची चाळीस होतात आणि थकवा तसाच राहतो.

स्वयंपाक: रात्री पंधरा मिनिटं, सकाळी एकदा

सकाळचा डबा आणि मुलांचं उठणं एकाच वेळी आलं की घरात रणधुमाळी होते. रात्री ओटा पुसण्याआधी पंधरा मिनिटं काढा. भाजी चिरून डब्यात, कडधान्य भिजत, कणीक मळून फ्रिजमध्ये, मोठ्याच्या शाळेची पाण्याची बाटली धुऊन उपडी. उसळ हवी असेल तर मटकीला एक रात्र भिजायला आणि मोड यायला साधारण एक दिवस लागतो, म्हणजे मंगळवारच्या उसळीचा विचार रविवारी रात्री करायचा. आठवड्याच्या भाज्या वारावर बांधून टाकल्या की ‘आज काय करू’ या प्रश्नात जाणारा वेळ वाचतो. आमच्याकडे बुधवारी उसळ असतेच. कुणी कुरकुरलं तरी ती उसळच.

मुलांसाठी वेगळा स्वयंपाक करू नका. कुकरमधलं वरण फोडणी देण्याआधी वाटीभर बाजूला काढा, त्यात मऊ भात आणि तूप. तेच वरण मग मोठ्यांसाठी फोडणीला टाका. भाजीतलंही तसंच, तिखट घालण्याआधी दोन चमचे काढून ठेवायची. बाळ वर्षाच्या आतलं असेल तर त्याच्या वाटीत मीठ-साखर नको आणि मध तर अजिबात नको.

सकाळी एकदाच सगळं करून ठेवायचं असेल तर दुपारचं खाऊन उरलेलं ओट्यावर ठेवू नका. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, असं अन्नसुरक्षेचे साधे नियम सांगतात, आणि आपल्याकडच्या दमट हवेत तर ते पाळावेच लागतात.

आणि पोळी-भाजी केंद्र. जवळपास प्रत्येक सेक्टरमध्ये एक तरी असतंच. आठवड्यातून दोन संध्याकाळी पोळ्या तिथून आणल्या तर दोन तास मोकळे होतात. सासूबाईंना ‘विकतच्या पोळ्या’ ऐकून वाईट वाटत असेल तर त्यांना त्याच संध्याकाळी नातवाला घेऊन बागेत जायला सांगा. तुम्हालाही तेवढा वेळ मिळतो आणि पोळ्यांचा विषय मागे पडतो.

साडेचार ते साडेसात

घरी मुलं सांभाळणाऱ्या कुणालाही विचारा, दिवसातले सगळ्यात लांब तास हेच. मुलं उठलेली, तुम्ही दमलेल्या, बाबांची गाडी अजून कुर्ल्यालाही पोहोचलेली नाही. या वेळात घरात थांबून काही उरकायचा प्रयत्नच करू नका. बाहेर पडा.

1 ते 4 वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून किमान 180 मिनिटं हालचाल करावी, असं वर सांगितलेल्या मार्गदर्शक तत्त्वांतच आहे. दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये ती पुरी होणं कठीण. या बाबतीत नवी मुंबईने आपल्याला हात दिलाय: सेक्टरची बाग चालत्या अंतरावर असते. रोज तिथेच जायचं. वंडर्स पार्क, ज्वेल ऑफ नवी मुंबई, खारघरचं सेंट्रल पार्क हे सुट्टीच्या दिवसाला ठेवायचं. ठाणेकरांनी उपवन, तलावपाळी, कचराळी. रोज नवीन ठिकाण शोधण्यात आपलीच दमछाक होते, मुलाला तोच झोपाळा रोज चालतो.

दाराशी एक पिशवी कायम भरलेली असू द्या: पाणी, एक कपड्याचा जोड, डायपर, ओला नॅपकिन, मुरमुरे किंवा फळ, ओडोमॉस. परत आल्यावर आधी पिशवी भरायची, मग चपला काढायच्या. निघण्याआधी डाळ-तांदूळ धुऊन कुकरमध्ये भिजवून ठेवले की सातला येऊन फक्त गॅस लावायचा.

मोबाइल आणि टीव्हीबद्दल दोन शब्द. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं सांगणं आहे की दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच, दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास. मोठ्याचा तो तास दिवसभर चिल्लर करून खर्च करू नका. धाकटं झोपलेलं असताना, तुम्हाला शांतता हवी असते तेव्हा, किंवा कढईत तेल तापलेलं असताना द्या. ठरलेली वेळ आणि ठरलेला कार्यक्रम असला की बंद करताना होणारी रडारड कमी होते, पूर्ण थांबत मात्र नाही.

घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाचं काय?

केंद्र सरकारच्या वेळ-वापर सर्वेक्षणाचे आकडे बोलके आहेत. घरकाम करणाऱ्यांमध्ये बायका त्यावर 2019 मध्ये दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवत होत्या, पुरुष 97. 2024 मध्ये बायका 289, पुरुष 88. बायकांचा भार जेमतेम दहा मिनिटांनी हलका झाला, तर पुरुषांनीही लगेच जवळपास तेवढंच काम सोडलं!

‘मदत कर’ म्हणून काही होत नाही. मदत म्हटलं की काय करायचं, कधी, कुठला डबा, हे सगळं तुम्हालाच सांगावं लागतं. अख्खं खातं सोपवा. रात्रीची अंघोळ, दात, गोष्ट आणि झोपवणं हे सगळं त्याचं. टॉवेल संपले, टूथपेस्ट संपली, तर ते लक्षात ठेवणंही त्याचंच. पहिले काही दिवस मूल ‘आईच पाहिजे’ म्हणून भोकाड पसरेल. तेव्हा तुम्ही खाली चक्कर मारायला जा.

वेळ जुळवायला आमच्याकडे एक साधी पद्धत आहे. गाडीने मानखुर्द सोडलं की नवरा मेसेज टाकतो. पुढे खाडीपूल, वाशी, सानपाडा, जुईनगर, नेरूळ; तेवढ्यात कुकर होतो आणि त्याच्यासकट सगळे एकत्र जेवतात. गाडी उशिराची असेल तर मुलांचं जेवण थांबवायचं नाही, झोपेची खुंटी जेवणापेक्षा महत्त्वाची.

आठवड्यातून दोन तास तुमचे, घराबाहेरचे. रविवारी मेगाब्लॉक असतो, त्यामुळे कुठे जायचं असेल तर आदल्या दिवशी बघून ठेवा, नाहीतर दोन तास प्लॅटफॉर्मवर जायचे.

मोडणारे दिवस आधीच ठरवून ठेवा

‘ताई, आज येत नाही हो, गावाला चाललेय’ हा मावशींचा फोन सकाळी सातला येणार, हे धरूनच चालायचं. त्यांनाही सुट्टी लागते. महिन्याच्या ठरावीक सुट्ट्या आधीच बोलून घेतल्या तर अचानकच्या कमी होतात.

अशा दिवसासाठी, मुलांच्या तापाच्या दिवसासाठी आणि लसीच्या दिवसासाठी एकच किमान यादी ठेवा: खिचडी, एक मशीन कपडे, औषधाच्या वेळा. बस्स. लस शक्यतो अशा दिवशी घ्या, की दुसऱ्या दिवशी घरात दोघं असाल.

पावसाळ्याची तयारी मेच्या शेवटी. जूनपासून कपडे वाळत नाहीत, म्हणून मुलांच्या चड्ड्या आणि बनियनचे चार-पाच जोड जास्त घ्या, मशीन रात्री लावा, दोनदा स्पिन करा आणि हॉलमधल्या पंख्याखाली स्टँडवर पसरा. रेड अलर्टमुळे शाळेला सुट्टी जाहीर होते तीही ऐन वेळी, कधी रात्री उशिरा. त्यासाठी एक खोका वर कपाटात लपवून ठेवा: जुनी मासिकं, गोल टोकाची कात्री, कणकेचे रंग, पुठ्ठे. तो एरवी काढायचाच नाही, म्हणजे त्या दिवशी नवा वाटतो.

दुपारची झोप सुटते तेव्हा

तीन ते पाच वर्षांच्या दरम्यान कधीतरी मोठं मूल दुपारी झोपेनासं होतं आणि तुमचा तिसरा ढीग उघड्यावर पडतो. त्याआधीच ‘शांत वेळ’ सुरू करा. झोपायची सक्ती नाही, पण गादीवर किंवा चटईवर राहायचं, पुस्तकं, ब्लॉक्स, खडू घेऊन, एकटं. सुरुवात दहा मिनिटांनी. स्वयंपाकघरातला टायमर लावा. तो वाजेपर्यंत आई बोलत नाही आणि वाजला की आई नक्की येते, हे दोन्ही रोज खरं ठरलं पाहिजे. दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवत गेलात तर दीड-दोन महिन्यांत पाऊण तासापर्यंत जाता येतं. तेवढ्यात धाकटंही झोपलेलं असतं. मधे ‘आई, झालं का?’ असं चार वेळा येईल. टायमरकडे बोट दाखवायचं आणि चहा गार व्हायच्या आत संपवायचा.